जुने एंटरप्राइझ सॉफ्टवेअर विकत घ्यायचे असेल तर: कोकणातल्या कंपन्यांसाठी पायरीपायरीने

मुंबई-पुण्याच्या एखाद्या कंपनीने पंधरा-वीस वर्षांपूर्वी पतसंस्थांसाठी, लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांसाठी किंवा आंबा-काजू प्रक्रियेसाठी सॉफ्टवेअर बनवलेले असते. ग्राहक अजून तेच वापरतात, पण कंपनीचे लक्ष केव्हाच दुसरीकडे गेलेले असते. मग रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीला विचारणा होते: उत्पादन, ग्राहक, सगळेच तुम्ही घेता का?

माझे मत, घ्यावे. प्रिंटर अडला तरी तासाभरात पोचू शकणारी कंपनी असे सॉफ्टवेअर लांबच्या मालकापेक्षा चांगले सांभाळते. मात्र पैसे मोजायचे ते मूळ माणसांशिवाय ते चालवता येण्याचे. ते जमणार नसेल तर कोड फुकट मिळाला तरी महाग पडतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीची खात्री करण्यासाठी आहेत.

आधी सपोर्ट, मग खरेदी

एचसीएलने डिसेंबर २०१८ मध्ये आयबीएमची काही जुनी उत्पादने १८० कोटी डॉलरला घेण्याची घोषणा केली आणि २०१९ च्या मध्यावर व्यवहार पुरा झाला. त्यात नोट्स आणि डोमिनो ही ईमेल व कार्यालयीन कामाची सॉफ्टवेअर होती. नोट्सची पहिली आवृत्ती १९८९ ची. १९९५ मध्ये आयबीएमने लोटस कंपनी घेतली तेव्हा ते तिच्याकडे आले होते. आकडा मोठा आहे म्हणून हे उदाहरण आपल्या कामाचे नाही असे समजू नका. घेतलेल्या सात उत्पादनांपैकी पाचांवर एचसीएलची आयबीएमबरोबर आधीपासून भागीदारी होती. खरेदीच्या वेळी त्या वस्तू तिला अनोळखी नव्हत्या.

आपल्या पातळीवर हेच करायचे तर विक्रेत्याशी आधी सहा महिन्यांचा सपोर्टचा उपकरार करा. नाव त्यांचे, माणसे आपली, ग्राहक कोकणातले. या काळात प्रत्येक कॉल नोंदवा: कोणाचा, काय अडले, किती वेळात सुटले, आणि सोडवताना जुन्या कंपनीतल्या कोणाला फोन करावा लागला. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तिथे एकच नाव पुन्हा पुन्हा दिसू लागले तर तो माणूस आपल्याकडे येणार का, किती दिवसांसाठी आणि किती पैशांत, हे किमतीआधी ठरवावे लागेल.

विक्रेता उपकराराला तयार नसेल तर निदान मागच्या दोन वर्षांचे कॉल रजिस्टर मागा. ते नसणे हीसुद्धा माहितीच आहे.

नेमके काय विकत घेता आहात

मार्ग तीन. कंपनीचे शेअर घेतलेत तर तिची जुनी देणी, करखात्याच्या नोटिसा, भविष्य निर्वाह निधीची थकबाकी सगळे तुमच्या गळ्यात येते. छोट्या खरेदीदाराने या वाटेला जाऊ नये. दुसरा मार्ग स्लंप सेलचा: उत्पादनाचा पूर्ण चालू विभाग ठोक किमतीला उचलायचा. तिसरा, निवडक मालमत्ता घ्यायची. चालू व्यवसाय किंवा त्याचा स्वतंत्र भाग आहे तसा हस्तांतरित झाला तर जीएसटीतून सूट मिळते. नुसता कोड आणि हक्क सुटे विकले तर १८ टक्के लागतो. शिवाय २०२१ च्या वित्त कायद्यापासून गुडविलवर (धंद्याच्या नावलौकिकाच्या किमतीवर) घसारा मिळत नाही, पण कॉपीराइट आणि लायसन्ससारख्या अमूर्त मालमत्तेवर २५ टक्के मिळतो. म्हणून करारात किंमत कशाकशावर कशी विभागली आहे याने पुढच्या कित्येक वर्षांचा कर बदलतो. सीएला सह्या झाल्यावर बोलावू नका, मसुदा लिहितानाच बसवा.

कराराच्या परिशिष्टात पुढचे सगळे नावानिशी हवे: सोर्स कोड त्याच्या पूर्ण इतिहासासह, लायसन्स की तयार करणारा प्रोग्राम, डोमेन, ट्रेडमार्क, कोड सायनिंग सर्टिफिकेट, इन्स्टॉलेशनच्या मूळ सीडी, ग्राहकांचे करार, चुकांची नोंदवही आणि सपोर्टचा फोन नंबर. पतसंस्थेचे एसएमएस जात असतील तर डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी व्यवस्थेवरच्या हेडर (पाठवणाऱ्याचे नाव) आणि टेम्प्लेट (मेसेजचा मसुदा) यांच्या नोंदी कोणाच्या खात्यात आहेत तेही पाहा. त्या विक्रेत्याच्या साखळीत अडकल्या असतील तर हस्तांतराच्या दुसऱ्या दिवशी ठेवीदारांचे मेसेज बंद पडतील. फोन नंबर ही क्षुल्लक बाब वाटेल. पण संगमेश्वरच्या पतसंस्थेतल्या कॅशियरने तो नंबर काचेखाली चिकटवून ठेवलेला असतो, आणि त्याच्या लेखी तो नंबर म्हणजेच कंपनी.

मालकीची साखळी

कोकणात जमीन घेताना सात-बारावरची सगळी नावे, वारस, कुळे तपासल्याशिवाय कोणी बयाणा देत नाही. कोडची मालकीही तशीच तपासावी लागते, कारण तिथेही सहहिस्सेदार निघतात.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते. नोकरीत असलेल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो (कलम १७). बाहेरून कंत्राटावर लिहून घेतलेल्या कोडला हे लागू होत नाही. पैसे दिले म्हणजे हक्क आला, असे नाही. २००५ मध्ये एखाद्या फ्रीलान्सरने व्याजाचे मोड्यूल लिहून दिले असेल आणि लेखी हस्तांतरपत्र नसेल, तर विक्रेता जे विकतो आहे ते पूर्णपणे त्याचे नाही. सुरुवातीपासून कोणी कोणी कोड लिहिला त्याची यादी मागा आणि बाहेरच्या प्रत्येकाकडून सहीचे पत्र आणायला सांगा. हे काम विक्रेत्याचे आहे. तुम्ही अंगावर घेऊ नका.

तुमच्या स्वतःच्या हस्तांतरपत्रात कलम १९ चे तीन मुद्दे तुमच्या वकिलाने वाचलेत ना, हे बघा. मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर फक्त ५ वर्षांचे धरले जाते. प्रदेश लिहिला नसेल तर ते भारतापुरतेच मानले जाते. तुमचा ग्राहक दुबईतही असू शकतो. आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळे नमूद केले नसल्यास, तो लोप पावतो. तिसरा मुद्दा सहज निसटतो, कारण घेतलेले एखादे मोड्यूल आपण वर्ष-दोन वर्षे बाजूला ठेवून देतो. "कायमस्वरूपी, जगभरासाठी, वापर झाला वा न झाला तरी" अशा अर्थाचे वाक्य करारात असलेच पाहिजे.

रिकाम्या मशीनवर बिल्ड

सगळ्या तपासणीत एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. नवा, रिकामा संगणक घ्या. विक्रेत्याचा माणूस शेजारी बसेल, पण कीबोर्डला हात लावणार नाही. आपला माणूस सोर्स कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करील आणि प्रत्येक पाऊल लिहून काढील.

व्हीबी ६ चे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रामिंग भाषेचे, उदाहरण घेऊ, कारण त्या काळातली कितीतरी उत्पादने त्यातच आहेत. मायक्रोसॉफ्टने त्याच्या विकसन साधनाचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये थांबवला. प्रोजेक्ट उघडता, कर्जवाटपाचा फॉर्म उघडता, आणि जिथे हप्त्यांची ग्रिड दिसायला हवी तिथे साधा पिक्चरबॉक्स दिसतो. याचा अर्थ ती ग्रिड म्हणजे बाहेरच्या कंपनीचा तयार घटक (कंट्रोल) होता आणि ते या मशीनवर नाही, किंवा आहे पण त्याचे डिझाइनच्या वेळचे लायसन्स नाही. ग्राहकाकडे ते बिनबोभाट चालते, कारण चालवायला ते लायसन्स लागत नाही. बदल करायला लागते. इथे एक इशारा: तो फॉर्म चुकूनही सेव्ह करू नका. सेव्ह केलात तर मूळ कंट्रोलची जागा पिक्चरबॉक्सने घेतलेली अवस्थाच फाइलमध्ये लिहिली जाते. कामाला नेहमी प्रतच वापरा.

ते कंट्रोल बनवणारी कंपनी आज असेलच असे नाही. विक्रेत्याच्या कपाटात जुनी सीडी आणि लायसन्सचा कागद सापडला तर प्रश्न मिटला. सापडला नाही तर ते कंट्रोल जिथे जिथे वापरले आहे ते सगळे फॉर्म नव्याने करावे लागतील. त्यांची संख्या मोजा आणि खर्च किमतीतून वजा करा. डाँगल (कॉपी रोखण्यासाठी संगणकाला लावायची किल्ली), रिपोर्ट छापणारे इंजिन, बारकोडचे घटक यांचेही असेच.

बिल्ड झाले की निकालाची तुलना. एकाच डेटाबेसची प्रत घ्या, ग्राहकाकडे आज चालणाऱ्या प्रोग्रामवर आणि आपण तयार केलेल्या प्रोग्रामवर एकच काम चालवा: ठेवींवरचे व्याज, वर्षअखेरीस खाती बंद करणे, तेरीज. आकडे पैशापर्यंत जुळले पाहिजेत. न जुळल्यास बहुधा त्या ग्राहकाला दिलेला कोड मुख्य कोडपेक्षा वेगळा असतो. कोणीतरी त्याच्या मागणीवरून जागेवर बदल करून दिलेला असतो आणि तो परत आणून जोडलेला नसतो. असे किती ग्राहक आहेत ते शोधा. पाच ग्राहकांचे पाच वेगळे कोड सांभाळणे म्हणजे पाच उत्पादने सांभाळणे.

फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीतले उत्पादन असेल तर प्रत्येक टेबल फाइलचा आकार पाहा. एका फाइलची मर्यादा २ जीबी आहे. १.७ जीबीला पोचलेली व्यवहारांची फाइल असेल तर ते संकट तुम्ही तारखेसह विकत घेताय. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या २००० आवृत्तीचा बॅकअप २०१२ किंवा पुढच्या आवृत्तीवर थेट उतरत नाही. मधे २००८ ची पायरी घ्यावी लागते, म्हणून ती जुनी आवृत्ती चालू स्थितीत हाताशी ठेवा.

डेटा: अक्षरे आणि तारखा

मराठी एंटरप्राइझ सॉफ्टवेअरची खरी अडचण इथे आहे, आणि बाहेरच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत ती सापडणार नाही. युनिकोड हे आजचे सर्वमान्य अक्षर-संकेत येण्याआधीच्या काळात सभासदांची नावे फॉन्टच्या खुणांमध्ये साठवली गेली. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची पद्धत वेगळी. डेटाबेसमध्ये जे पडले आहे ती मराठी अक्षरे नाहीत. पडद्यावर त्या त्या फॉन्टमध्ये मराठी दिसावे म्हणून ठेवलेले संकेत आहेत. त्यात पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. अक्षरावरचा रफार तिथे अक्षरानंतर असतो, युनिकोडमध्ये आधी. साधा बदली-तक्ता लावून रूपांतर केले तर "शिर्के" आणि "मुर्तुझा" दोन्ही बिघडतात. आणि कऱ्हाडे, गोऱ्हे यांच्यातला "ऱ्ह" तर हमखास तुटतो.

म्हणून खरेदीआधी दोन-तीन ग्राहकांच्या परवानगीने त्यांच्या सभासद यादीची प्रत घेऊन रूपांतर करून बघा. यादी डोळ्यांनी वाचा, आणि वाचायला त्या गावचा माणूस बसवा; कुठले आडनाव चुकले आहे ते त्यालाच कळते. पतसंस्थेच्या ठेवीदाराला पासबुकावर स्वतःचे नाव मोडके दिसले तर त्याचा विश्वास उडतो, आणि त्याचे बरोबर आहे.

तारखांची चाचणी छोटी आहे, पण टाळू नका. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ष दोनच आकड्यांत टाकायची सोय असते. जुन्या विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगला व्हीबी ६ २९ पर्यंतचे आकडे २०२९ पर्यंत धरते आणि ३० चे १९३० करते. एसक्यूएल सर्व्हरची मूळ मर्यादा मात्र २०४९ आहे. म्हणजे एकच "०५/०६/३०" पडदा एका शतकात वाचील आणि डेटाबेस दुसऱ्या. पाच वर्षांच्या ठेवीची मुदत २०३० मध्ये किंवा त्यापुढे जाते ती पावती आज काउंटरवर तयार होते आहे. ही तारीख टाकून बघा: मुदतीची तारीख, व्याज आणि छापलेली पावती, तिन्ही.

कायद्याच्या मागे किती

कंपनी म्हणून नोंदलेल्या ग्राहकांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा, बंद न करता येणारा एडिट लॉग सक्तीचा आहे. कॅनिंगचा किंवा काजूचा कारखाना प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि जुन्या ईआरपीत (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ही सोय नसेल, तर ऑडिटर शेरा मारणारच. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. विक्रेत्याच्या कार्यालयात सपोर्टसाठी म्हणून आणलेल्या ग्राहकांच्या डेटाच्या प्रती पडून असतील, तर त्या नष्ट केल्याचे लेखी घ्या. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता डोक्यावर आहे. ज्या गोष्टी नाहीत त्या करण्याचा खर्च काढा. तो किमतीत धरायचा आहे.

किंमत

विक्रेता म्हणतो, दोन वर्षांची एएमसी (ग्राहकांकडून मिळणारे वार्षिक देखभाल शुल्क) द्या. हिशेब करून बघू. समजा ६० ग्राहक आहेत आणि एएमसी प्रत्येकी ४० हजार. कागदावर वर्षाला २४ लाख, म्हणजे मागणी ४८ लाखांची. आता बँक खात्याचे उतारे पाहा, यादी नव्हे. १२ जण दोन वर्षे पैसे देत नाहीत. उरले ४८, म्हणजे १९ लाख २० हजार. सपोर्टची दोन माणसे आणि प्रवास ११ लाख, सर्व्हर आणि लायसन्स २ लाख. पहिल्या वर्षी हाती ६ लाख २० हजार.

जुन्या उत्पादनाचे ग्राहक दरवर्षी थोडे गळतात. दहा टक्के धरले तर दुसऱ्या वर्षी ४ लाख २८ हजार, तिसऱ्या वर्षी सुमारे अडीच लाख, चौथ्या वर्षी लाखाच्या आसपास. चार वर्षांत मिळून १४ लाख, तेही पगारवाढ न धरता आणि एडिट लॉग, फॉन्ट रूपांतर यांचा खर्च न काढता. ४८ लाखांचा प्रश्नच येत नाही. ग्राहकांना नव्या मोड्यूलचे पैसे द्यायला पटवता येईल अशी खात्री असेल तर किंमत वर जाऊ शकते, पण ती वाढ तुमच्या मेहनतीची आहे, विक्रेत्याची नाही.

आणखी एक: एएमसी एप्रिलमध्ये आगाऊ घेतलेली असते. व्यवहार ऑक्टोबरमध्ये झाला तर अर्ध्या वर्षाची सेवा तुम्ही देणार आणि पैसे त्यांच्या खात्यात. ही रक्कम वजा झालीच पाहिजे.

करारात काय हवे

पूर्ण रक्कम सहीच्या दिवशी देऊ नका. एक भाग सहीला, एक भाग आपल्या मशीनवरचे बिल्ड आणि आकडे जुळल्यावर, आणि राहिलेला पुढच्या एएमसी नूतनीकरणाच्या प्रमाणात. ग्राहकांना आपल्याकडे नीट सोपवण्यात मग विक्रेत्याचाही फायदा राहतो. त्यांच्या जाणत्या माणसाचे किती तास, किती महिने मिळणार ते लिहा.

विक्रेता उद्या तसेच उत्पादन घेऊन त्याच ग्राहकांकडे गेला तर? भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २७ धंद्यावर बंदी घालणारे करार रद्दबातल मानते, पण धंद्याचे गुडविल विकणाऱ्यावर ठराविक प्रदेशात, वाजवी बंधन घालायला त्यात अपवाद आहे. म्हणून करारात गुडविल विकल्याचे स्पष्ट हवे आणि प्रदेशही नावानिशी हवा: रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. इथे घसाऱ्याचा मुद्दा आडवा येतो. गुडविलला थोडी किंमत द्या, पण द्या.

ग्राहकांचे करार आपोआप तुमच्या नावावर होत नाहीत. प्रत्येकाची लेखी संमती घ्या. पतसंस्था असेल तर संचालक मंडळाच्या सभेत ठराव व्हावा लागतो आणि सभा महिन्यातून एकदाच असते, तेवढा वेळ हातात ठेवा.

हस्तांतराची तारीख

कोकणात तारीख निवडणे हे तांत्रिक कामाइतकेच महत्त्वाचे आहे. मार्चमध्ये पतसंस्थांचे वर्षअखेर. एप्रिल-मे आंब्याचा हंगाम, कॅनिंगवाल्यांना श्वास घ्यायला सवड नसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे मासे प्रक्रियेचे कारखाने मोकळे असतात, पण तेव्हाच पाऊस, वीज आणि नेट यांचा भरवसा सर्वांत कमी. गणपतीत कार्यालयांत माणसेच नसतात. पतसंस्था आणि कॅनिंग ग्राहकांसाठी दिवाळीनंतरचा नोव्हेंबर मला सर्वांत योग्य वाटतो: गडबड ओसरलेली, आणि वर्षअखेरीआधी चुका दुरुस्त करायला चार महिने हातात. मासळीवाल्यांना तेव्हा हंगाम असतो, त्यांचे वेगळे वेळापत्रक करा.

घेतल्या दिवसापासून बॅकअपची व्यवस्था बदला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरचे संगणक पाण्यात गेले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती. जुनी उत्पादने ग्राहकाच्या जागेवरच्या एका सर्व्हरवर चालतात. रोजची एक प्रत जिल्ह्याबाहेर गेली पाहिजे, आणि ती तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष उतरवून बघितली पाहिजे.

पहिले वर्ष

पहिल्या वर्षी नाव, पडदे, शॉर्टकट, दर, काहीही बदलू नका. ब्रॉडकॉम या अमेरिकी कंपनीने व्हीएमवेअर या सॉफ्टवेअर कंपनीची खरेदी नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्ण केली आणि डिसेंबरमध्येच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली; २०२४ मध्ये एटी अँड टी या टेलिकॉम कंपनीसारखा ग्राहक सपोर्टच्या वादात कोर्टात गेला. तेवढी ताकद असलेल्या कंपनीला ते पेलते. आपल्याला राजापूरचा एक ग्राहक गेला तरी त्याच्या ओळखीतले तीन जातात.

ग्राहकाला पहिले पत्र साधे लिहा: "सॉफ्टवेअर तेच राहील, फोन नंबर तोच राहील, या वर्षी एएमसी वाढणार नाही. आमचा माणूस अमुक तारखेला आपल्याकडे येईल, त्या दिवशी आपल्या अडचणी सांगाव्यात." आणि त्या तारखेला खरोखर जा. संचालकांपेक्षा जास्त वेळ अकाउंटंटबरोबर बसा. रोज संध्याकाळी रोकड जुळवताना त्याला कोणती आकडेमोड वहीत वेगळी करावी लागते ते विचारा. पुढच्या सुधारणांची यादी तिथेच मिळते.

दुसऱ्या वर्षी एकेक मोड्यूल नव्याने करायला घ्या, सगळ्यात आधी छपाई आणि अहवाल, कारण ते चुकले तरी हिशेब बिघडत नाही. व्याज आणि खातेवही सर्वांत शेवटी, आणि तीही किमान एक तिमाही जुन्याबरोबर समांतर चालवून. ज्या मोड्यूलला एक-दोनच ग्राहक उरले आहेत ते बंद करायचे ठरवले तर वर्षभर आधी लेखी कळवा आणि त्यांचा संपूर्ण डेटा युनिकोडमध्ये, साध्या फाइलच्या रूपात, विनामूल्य हाती द्या.